भातावर दरवर्षी तुडतुडे येतात, औषध मारूनही जात नाहीत? आधी खाली वाकून बघा

प्रॉब्लेम असा आहे बघा. गणपती गेले की खाचर असं हिरवंगार दिसतं की बांधावरून जाणारा प्रत्येक जण बोलतो यंदा जोरात आहे तुमचं, आणि मग दसऱ्याच्या आगेमागे कधीतरी मधोमध एक ताटाएवढा पिवळा डाग दिसतो, आपण म्हणतो पाणी कमी पडलं असेल, चार दिवसांनी तो पाटाएवढा, आणि पुढच्या रविवारी बघावं तर गोल खळं पडलेलं, कोणी रॉकेल टाकून जाळल्यासारखं. औषध मारलं. थांबलं नाही. पुढच्या वर्षी आधीच मारून ठेवलं तर उलट जास्तच आलं. आमच्याकडे हे सलग चार वर्षं चाललं म्हणून सगळं लिहून काढतोय, कोणाला तरी उपयोग होईल.

आमच्याकडे म्हणजे मनोरीला, मामाचं सव्वा एकर भात. हो, मुंबईत अजून भात होतं, लोकांना खरं वाटत नाही. मी राहतो मालाडला, नोकरी अंधेरीला, त्यामुळे मी शेतकरी फक्त रविवारचा, मार्व्याला बोट पकडायची आणि समोर उतरायचं. रोजचं बघणारा मामा, पण मामा बघतो बांधावर उभा राहून, आणि खरी गडबड तिथेच होती हे कळायला आम्हाला चार पिकं गेली.

आता पहिली चूक. आम्ही चोर चुकीचा पकडला होता. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री मामीच्या ओटीवरच्या ट्यूबलाइटला छोटे हिरवे किडे यायचे, ढीगच्या ढीग, सकाळी केरसुणीने काढावे लागायचे. मालाडला माझ्या सातव्या मजल्यावर पण येतात ते, सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी कोणीतरी फोटो टाकून विचारतं हे काय आहे, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं का. (बोलवू नका. खिडकीजवळची लाइट तासभर बंद ठेवा, काही दिवसांत आपोआप कमी होतात. कपडे-धान्य काही खात नाहीत, फार तर हाताला बसून हलकं टोचतात.) ऑफिसात एक बंगाली मित्र आहे, त्याला फोटो दाखवला तर म्हणाला अरे हा तर श्यामापोका, आमच्याकडे कालीपूजेच्या वेळी येतो, दिव्यांवर मरून पडतो. म्हणजे हा किडा अख्ख्या देशात भात पोटरीत आलं (म्हणजे लोंबी पोटात धरली) की दिवाळी साजरी करतो.

हाच तो हिरवा तुडतुडा. चार-पाच मिलिमीटरचा, पोपटी, नराच्या पंखाच्या टोकाला काळं आणि पंखावर बऱ्याचदा काळा ठिपका. शास्त्रीय नाव नेफोटेटिक्स, त्यात दोन जाती आपल्या भातावर नेहमीच्या, व्हायरेसेन्स आणि निग्रोपिक्टस. पानावर बोट जवळ नेलं की तो उडत नाही आधी, खेकड्यासारखा तिरका सरकत पानाच्या मागे जातो, हे एकदा बघितलं की परत कधी चुकणार नाही तुम्ही. तर लाइटला हा दिसतो, शेतात खळी पडलीत, म्हणजे यानेच केलं, असं आमचं गणित. दुकानदाराला पण तेच सांगितलं, त्याने एक जहाल औषध दिलं आणि वर बोलला वास घेऊनच मरतील.

नाही मेले. कारण खळं पाडणारा तो नव्हताच.

तिसऱ्या वर्षी काय झालं, मी खळ्याच्या कडेचा, अजून हिरवा असलेला एक चूड (एका जागी लावलेल्या रोपांचा झुपका) दोन्ही हातांनी फाकवला आणि मोबाइलचा टॉर्च बुडख्याशी मारला. पाण्याच्या वर चार बोटं उंचीपर्यंत नुसतं तपकिरी, काळीमिरी चिकटवल्यासारखं, आणि उजेड पडल्यावर ती मिरी हलली, काही पाण्यात पडली आणि पाण्यावरून चालत शेजारच्या चुडावर गेली. मी मोजायला गेलो, चाळिशीनंतर सोडून दिलं. एका चुडावर! वरचं पान एकदम साफ होतं, एक किडा नाही. मामा बांधावरून विचारतोय, आहे का रे काय, आणि मी बोललो मामा तू इकडे ये आणि वाक.

हा तपकिरी तुडतुडा, निलापर्वता ल्युजेन्स. मराठीत दोघांना तुडतुडेच म्हणतात म्हणून घोळ होतो, पण घराणं वेगळं. हिरवा पानावर राहतो, उडतो, लाइटला येतो, वर दिसतो. तपकिरी बुडख्याशी, सावलीत, पाण्याच्या जवळ बसतो आणि रस ओढतो, इतका ओढतो की चूड सुकतो, त्यालाच हॉपर बर्न म्हणतात. त्याच्या गोड चिकट विष्ठेवर काळी बुरशी पण चढते, बुडखा काजळी फासल्यासारखा दिसला तर समजा. पांढरे, जरा मोठे, सात-आठ मिलिमीटरचे पण तुडतुडे दिसतात लाइटला, ते कोफाना, त्यांच्यासाठी झोप उडवायची गरज सहसा पडत नाही.

मग हिरवा निर्दोष का? तसं पण नाही. त्याचं काम वेगळं आहे, तो टुंग्रो नावाचा व्हायरस रोग पसरवतो. हा रोग फिलिपिन्समध्ये १९६३ मध्ये लक्षात आला, टुंग्रो म्हणजे तिकडच्या बोलीत खुंटलेली वाढ. यात एक नाही दोन व्हायरस असतात, आणि गंमत म्हणजे एकाला तुडतुड्यावर बसून जायला दुसऱ्याची मदत लागते. तुडतुडा रोगट झाडाचा रस पितो आणि नंतरचे थोडेच दिवस तो रोग दुसऱ्याला देऊ शकतो, पिल्लाने कात टाकली की ते संपलं, अंड्यातून पुढच्या पिढीला जात नाही. म्हणजे शेतात रोगट झाड नसेल तर हिरवे तुडतुडे चार-दोन असले तरी घाबरायचं कारण नाही. पण रोप लहान असताना, आवणात (रोपवाटिकेत) आणि लावणीनंतर पहिला महिना-दीड महिना, लागण झाली तर ते झाड गेलं समजा, नंतर झाली तर नुकसान कमी.

पिवळं दिसलं की लगेच टुंग्रो म्हणू नका हां. आमच्या खाडीच्या बाजूला तर पिवळं पडायला पन्नास कारणं. खारं पाणी शिरलं तर पानांची टोकं पांढरी होऊन वाळतात आणि ते खाडीकडच्या कोपऱ्यातून सुरू होतं. नत्र कमी असेल तर अख्खं खाचर सारखंच फिकं, खालची पानं आधी. जस्त कमी असेल तर गंजासारखे तपकिरी ठिपके. टुंग्रो मधे मधे चट्ट्याचट्ट्याने येतो, पान टोकाकडून पिवळं-नारिंगी होतं आणि मुख्य म्हणजे झाड बुटकं राहतं, फुटवे कमी. शंका असेल तर एक घरगुती टेस्ट आहे, पहाटे सहाच्या आत पानाचं टोकाकडचं दहा सेंटीमीटर कापून घ्यायचं, १०० मिली पाण्यात २ ग्रॅम आयोडीन आणि ६ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, त्यात कापलेली बाजू पंधरा मिनिटं बुडवायची, मग धुवायचं. गडद निळ्या रेषा आल्या तर टुंग्रोचा संशय पक्का. पहाटेच का, तर रोगट पानात स्टार्च अडकून राहतो, निरोगी पानातला रात्रीत निघून जातो, दुपारी केली तर निरोगी पान पण निळं दिसेल. मी केली, आमचं निळं नाही झालं, आमचा प्रॉब्लेम तपकिरीच.

बरं, चोर कळला. पण दरवर्षी परत का येतो?

इथे मी कॅलेंडर घेऊन बसलो. अंड्यापासून मोठा तुडतुडा व्हायला साधारण २५ ते ३० दिवस. हे येतात ते लांब पंखांचे असतात, उडत येतात, अंडी घालतात पानाच्या आवरणात आत खुपसून, बाहेरून दिसत नाहीत. पुढची पिढी, खायला भरपूर असेल तर, आखूड पंखांची, ती कुठे जात नाही, तिथेच बसून एकेक मादी तीनशेच्या वर अंडी घालू शकते. ऑक्टोबरच्या दहा तारखेला खळं दिसलं म्हणजे ती पिढी सप्टेंबरच्या सुरुवातीच्या अंड्यांची, आणि तिच्या आया ऑगस्टमध्ये आलेल्या. आम्ही औषध कधी मारायचो, खळं दिसल्यावर. वरातीमागून घोडं.

मग चौथ्या वर्षी शहाणपणा करून ऑगस्टच्या सुरुवातीलाच मारलं, पान गुंडाळणाऱ्या अळीच्या नावाने सायपरमेथ्रिन, आणि त्या वर्षी सगळ्यात जास्त खळी पडली. हे का झालं ते कळल्यावर मला स्वतःचाच राग आला. भातात कोळी असतात, बुडख्याशी पळणारे लांडगा कोळी, वर जाळ्यात लांब पाय करून बसणारे, शिवाय एक बारीक हिरवा-काळा ढेकूण, सायर्टोऱ्हिनस, जो तुडतुड्यांची अंडीच पितो. आपण लवकर जहाल औषध मारतो तेव्हा हे सगळे मरतात, तुडतुड्याची अंडी मात्र पानाच्या आवरणात सुरक्षित, ती फुटतात आणि बाहेर येऊन बघतात तर घरात कोणीच नाही खाणारं. पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनी (सायपरमेथ्रिन त्यातलंच) तुडतुडे उलट वाढतात हे जुनं माहीत असलेलं आहे. इंडोनेशियात तर हा तपकिरी एवढा उसळला की १९८६ मध्ये त्यांच्या सरकारने भातावरची ५७ कीटकनाशकं एका फटक्यात बंद केली. आणि आपण दुकानात जाऊन विचारतो, यापेक्षा कडक आहे का काही.

दुसरं कारण युरिया. यावर मामाशी माझं भांडणच झालं. कोकणात सुधारित भाताला हेक्टरी १०० किलो नत्र सांगतात, म्हणजे एकरी ४० किलो, युरियात नत्र ४६ टक्के, हिशेब केला तर सव्वा एकराला ४५ किलोच्या साधारण अडीच गोणी, त्यात लावणीला सुफला वगैरे मिश्र खत दिलं असेल तर त्यातलं नत्र वजा करायचं. मामा टाकायचा चार, आणि दोन वेळेला मिळून. पीक काळंभोर हिरवं, मऊ, रसाळ, आत हवा नाही, तुडतुड्याला फाइव्ह स्टार. मामा बोलला, हिरवं नको तर काय पिवळं हवं तुला. मी बोललो मामा, ते हिरवं आपल्यासाठी नाहीये, ते त्यांच्यासाठी आहे. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. पण मग मान्य केलं, आता ४० टक्के लावणीला, ४० फुटव्याला, २० पोटरीला, बस. पानाचा रंग जरा फिका दिसतो, लोंबी तेवढीच येते.

आता काय करायचं ते, आम्ही केलं त्या क्रमाने.

लावणी दाट नको. २० बाय १५ सेंटीमीटर ठेवली आणि दर दोन-अडीच मीटरवर हातभर पट्टा मोकळा सोडला. मामीला तो मोकळा पट्टा बघून फार वाईट वाटायचं, जागा फुकट घालवली म्हणून. पण त्या पट्ट्यातून वारा-उजेड खाली जातो, आणि दुसरं म्हणजे माणूस आत जाऊन वाकू शकतो, नाहीतर सप्टेंबरमध्ये भातात शिरायलाच जागा नसते, मग बघणार कोण आणि फवारणार कुठे.

ऑगस्टच्या मध्यापासून दर आठवड्याला कोपऱ्या-कोपऱ्यातून तिरकं चालत वीस चूड फाकवून बघायचे. मधले पण, फक्त कडेचे नाही. चुडाला थोपटायचं, पाण्यात किती पडतात ते मोजायचं. सरासरी दहाच्या आसपास गेली की हालचाल करायची, पोटरीनंतर पाचलाच सावध. आणि सोबत कोळी पण मोजायचे. तुडतुडे पाच-सहा आणि प्रत्येक चुडात कोळी दिसतोय तर मी काही करत नाही, चार दिवसांनी परत बघतो. हे थांबणं फार अवघड आहे, हात शिवशिवतात.

आकडा चढायला लागला की औषधाच्या आधी पाणी. खाचराचा बांध फोडून तीन-चार दिवस पाणी काढून टाकायचं, चिखल मऊ राहील इतपत, मग परत भरायचं. बुडख्याशी ओलावा-सावली कमी झाली की त्यांना करमत नाही, पिल्लं मरतात. फुलोऱ्यात मात्र जमीन भेगाळू देऊ नका, पळींज होईल सगळं, म्हणजे दाणे पोकळ. आणि आमच्यासारखं खाडीजवळ असेल तर भरतीची वेळ बघून फोडा, एकदा आम्ही पाणी बाहेर काढायला गेलो आणि खारं आत घेऊन बसलो होतो.

एवढं करून वाढतच असेल तर औषध, पण दोन गोष्टी. एक, कुठे मारता. आम्ही चार वर्षं पंप पाठीवर घेऊन वरून पानं धुवत होतो आणि किडा बुडाशी, आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. नोझल खाली, बुडख्याकडे वळवलेला पाहिजे आणि पाणी भरपूर, एकरी २०० लिटर, म्हणजे आमच्या सव्वा एकराला सोळा लिटरचे पंधरा-सोळा पंप. मामा सहा पंपांत आटपायचा, औषध मात्र तेवढंच, वर बोलायचा कडक झालंय. दुसरं, काय मारता. ब्युप्रोफेझिन हे पिल्लांना कात टाकू देत नाही, मोठ्यांवर तसं चालत नाही, म्हणून पिल्लं दिसत असताना मारायचं. पायमेट्रोझिनने त्यांचं रस ओढणं बंद होतं, मग उपाशी मरतात. दोन्ही हळू काम करतात. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं तर सगळे बसलेले असतात आणि इथेच बहुतेक लोक घाबरून वर आणखी एक जहाल मारतात, मग सगळंच मुसळ केरात. पाच-सहा दिवस थांबा आणि मग परत चूड मोजा. इमिडाक्लोप्रिडवर अवलंबून राहू नका, तपकिरी तुडतुड्याने आशियात बऱ्याच ठिकाणी त्याला कधीच पचवलंय. प्रमाण लेबलवर असतं तेच, कापणीच्या किती दिवस आधी थांबायचं ते पण तिथेच, आणि सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधी ज्याला कृषी सहायक म्हणायचे) फोटो पाठवून विचारा, दुकानदाराला नको, त्याला जे संपवायचंय ते तो देतो. मास्क घाला हो, बुडख्याला फवारताना वाकल्यावर वाफ थेट तोंडावर येते.

लाइट ट्रॅप बद्दल बरेच जण विचारतात. घमेल्यात साबणाचं पाणी आणि वर बल्ब, संध्याकाळी सात ते नऊ. चांगलं आहे, पण आकडा कळायला, मारायला नाही. त्यात हिरवेच जास्त पडणार, त्यावरून तपकिरीचा अंदाज बांधताना चूड मोजणं सोडू नका. आणि ट्रॅप रोज रिकामा करणार नसाल तर लावू नका. मामाने डुकरांसाठी म्हणून बांधावर मोठा हॅलोजन लावला होता, रात्रभर चालू, अख्ख्या मनोरीचे तुडतुडे आमच्या शेतात पाहुणे. तो काढला. पौर्णिमेच्या आसपास ट्रॅपला कमी येतात, त्यावरून कमी झाले असं समजू नका.

राहिलं गवत. हिरवे तुडतुडे भात नसताना बांधावरच्या गवतावर आणि कापणीनंतर धसकटाला जो हिरवा फुटवा येतो त्यावर जगतात, निग्रोपिक्टसला तर गवत जास्तच आवडतं, नाचणीवर पण जातात. म्हणून कापणी झाली की धसकटं नांगरून टाकायची, तशीच गुरांसाठी महिनोन्महिने ठेवायची नाहीत. आवणाच्या चारी बाजूचं गवत मात्र लावणीच्या आधीच काढा. पण बांध अगदी टक्कल करू नका, कोळी पण तिथेच राहतात. शेजारच्या एका घरी बदकं आहेत, जुलै-ऑगस्टमध्ये ती आमच्या खाचरात सोडली, टिपून खातात तुडतुडे बघत राहावं असं, लोंबी आली की बाहेर काढायची नाहीतर तुडतुड्याऐवजी भातच संपेल.

मागच्या वर्षी हे सगळं केलं. एकच फवारणी झाली, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, तीही फक्त खाडीकडच्या दोन खाचरांत जिथे आकडा बारा-तेरा गेला होता. खळं पडलं एक, मोठ्या परातीएवढं, तेही जिथे मी पट्टा सोडायला विसरलो होतो तिथेच. मामा आता बांधावर उभा राहत नाही, गुडघे दुखतात तरी वाकतो, आणि मी बोटीतून उतरायच्या आधी मला फोनवर आकडा सांगतो, आज सात, कोळी दोन.

एक गोष्ट मात्र अजून सुटली नाहीये. आमच्या वरच्या अंगाला जी जमीन पडीक आहे तिचा मालक बाहेर असतो, तिथे कमरेएवढं गवत वाढतं आणि हिरवे तिकडूनच येतात असं मला वाटतं. त्याचा नंबर आता मिळालाय, पाऊस सुरू व्हायच्या आत स्वतः कापून देऊ का विचारणार आहे.